पणजोबांच्या फौजी पेन्शनची नोंद सापडत नाही? काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लक्षणं

- रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, पत्र टाकलं. उत्तर आलं, "सदर नावाची नोंद आढळत नाही" किंवा "विहित मुदत संपल्याने कागदपत्रे नष्ट केली आहेत".
- ऑनलाइन शोधात नाव टाकलं की एक तर शून्य, नाहीतर एकाच नावाचे ढीगभर शिपाई.
- ट्रंकेत पदक आहे, पीपीओचा (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) फाटका तुकडा आहे, पण पलटण कोणती ते घरात कुणालाच सांगता येत नाही.
- "पेन्शन आजीला मिळायची" असं सगळे म्हणतात, कागदावर मात्र दुसऱ्याच बाईचं नाव.
- गावात सांगतात "जर्मनच्या लढाईत गेले", आणि युरोपातल्या स्मारकांच्या यादीत त्यांचा पत्ता नाही.

या तक्रारींत कागद खरोखर गहाळ झालेला असतो ते थोड्याच वेळा. बहुतेकदा आपण नावाने शोधतो, आणि फौजेने कागद नंबराने व पलटणीने लावलेले असतात. पेन्शनची फाइल तर त्याहून वेगळी. कुणीतरी हक्क मागितला, म्हणून ती उघडली गेली. त्यामुळे नंबर, पलटण, हक्कदार आणि गाव या चार गोष्टी आधी जमवायच्या. नाव त्यानंतर.

पेन्शन मुळात होती का?

ही तपासणी फुकटची आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. महायुद्धात भरती झालेला प्रत्येक माणूस पेन्शनर नव्हता. युद्ध संपल्यावर पलटणी कमी केल्या, माणसं ग्रॅच्युइटी हातावर ठेवून घरी पाठवली. १९४२ साली भरती होऊन १९४६ ला सुटलेल्या शिपायाची सेवा चार वर्षांची. त्याला सेवा-पेन्शन लागूच होत नाही, मग फाइल कुठून सापडणार?

पेन्शनचा कागद असण्याची शक्यता मुख्यतः तीन प्रकारांत असते. लांब नोकरी, जखमेमुळे किंवा आजारामुळे सुटका (डिसॅबिलिटी), किंवा लढाईत वा सेवेमुळे मृत्यू आणि त्यावरून वारसाला पेन्शन. स्वातंत्र्यानंतरच्या नियमांत शिपायाला सेवा-पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात. रिझर्व्हिस्टच्या (पलटणीतून सुटून राखीव दलात ठेवलेल्या माणसाच्या) बाबतीत पलटणीतली आणि रिझर्व्हमधली वर्षं मिळून १५ धरतात. "सात वर्षंच होते, तरी पेन्शन कशी?" याचं उत्तर इथे असतं, सात पलटणीत आणि आठ रिझर्व्हमध्ये.

विधवेचा प्रश्न वेगळा. आज आपण ज्याला साधी फॅमिली पेन्शन म्हणतो ती योजना १९६४ पासूनची. त्याआधी पेन्शनर घरी म्हातारपणाने वारला तर पेन्शन त्याच्याबरोबरच संपायची. आजोबा १९५५ ला वारले आणि आजीला त्यानंतर काहीच मिळालं नाही, यात कुणी घोटाळा केला असं लगेच धरून चालू नका.

यातल्या एकाही प्रकारात माणूस बसत नसेल तर पेन्शनचा शोध थांबवून सेवेच्या नोंदीचा शोध घ्या. त्याचा रस्ता पुढे दिला आहे.

घरातली ट्रंक

पदक असेल तर आधी त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या स्टारवर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. अक्षरं बारीक असतात. खिडकीजवळ तिरप्या उजेडात, मोबाइलने जवळून फोटो काढला की वाचता येतात. चिंच, राख, ब्रासो यांतलं काहीही लावू नका. चकाकी येते आणि कडेची अक्षरं झिजतात, म्हणजे एकुलता एक पुरावा आपणच घासून टाकतो.

पीपीओ असेल तर नंबराचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. एस म्हणजे सर्व्हिस, डी म्हणजे डिसॅबिलिटी, एफ म्हणजे फॅमिली. शेवटी बहुधा साल असतं. ते पेन्शन मंजुरीचं साल आहे, मृत्यूचं किंवा भरतीचं नव्हे. या एका गैरसमजामुळे वंशावळी दहा-वीस वर्षांनी सरकलेल्या दिसतात. डिस्क्रिप्टिव्ह रोल जोडलेला असेल तर सोनंच. उंची, अंगावरच्या खुणा, गाव, तालुका, अंगठा, सगळं एका कागदावर. एकाच नावाचे दोन भाऊबंद वेगळे काढायला उजव्या भुवईवरचा व्रण कधीकधी वंशावळीपेक्षा जास्त कामाला येतो.

डिस्चार्ज बुक, जुनं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, सैनिक बोर्डाचं ओळखपत्र, मनीऑर्डरची पावती, सगळ्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई उडते आणि तो थर पुन्हा काढता येत नाही.

नंबर मिळाला तरी तो पलटणीशिवाय वाचू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रत्येक पलटण आपापले नंबर द्यायची, त्यामुळे २३४५ नंबरचा शिपाई ११० नंबरच्या पलटणीतही असू शकतो आणि ११७ नंबरच्या पलटणीतही. शिवाय स्वातंत्र्यानंतर जवान नायब सुभेदार झाला की त्याला जेसीने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. म्हणजे माणूस एक, नंबर दोन. पत्रात दोन्ही द्या.

पलटणीचं नाव बदललं, हे विसरू नका

१९२२ ला फौजेची पुनर्रचना झाली आणि जुने आकडे गेले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. ११४ ही दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. पदकावर "११०" आहे आणि पेन्शनच्या कागदावर "३/५" (पाचव्या मराठाची तिसरी बटालियन) आहे, म्हणून दोन माणसं समजू नका.

१११ महार ही पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची, बेळगावात उभी राहिलेली. त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या महार शिपायासाठी सागरला, म्हणजे आजच्या महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, पत्र पाठवून बहुधा हाती काही लागत नाही. बॉम्बे पायोनियर्स १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मोडले. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्ससारख्या फौजा संस्थानच्या होत्या, ब्रिटिश हिंदी फौजेच्या नव्हत्या. त्यांच्या जुन्या पेन्शनी संस्थानाच्या खात्यातून जायच्या, म्हणून तो शोध कोल्हापूरच्या पुरालेखागारात सुरू होतो.

स्पेलिंग : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ऑनलाइन याद्या इंग्रजीत आहेत आणि नावं ज्याने ऐकली त्या कारकुनाच्या कानाप्रमाणे उतरली आहेत. जाधव शोधताना शेवटी व्ही टाकता, तसा ओ टाकून बघा. पवारच्या पहिल्या ए ऐवजी ओ. मोरेच्या शेवटी ए-वाय. चव्हाणला सी-एच-ओ-डब्ल्यू. शिंदेला एच गाळून. कदमला यू आणि दोन डी. भोसलेला मधे एन. गणपतच्या शेवटी टी आणि टी-एच, दोन्ही. ज्या यादीत आद्याक्षरांवरून शोध चालतो तिथे पहिली तीन-चार अक्षरंच टाका आणि निकाल डोळ्यांनी चाळा.

रेजिमेंटचंही तेच. जुन्या कागदांत "मराठा" हे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहिलेलं आहे, मधे एच आणि दोन टी. आजचं स्पेलिंग टाकलं की निम्मं शोधकाम वाया जातं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिच्यात येतात. लढाईतच पडलेला असला पाहिजे असं नाही, त्या काळात सेवेत असताना आजाराने वारलेलाही तिच्यात असतो. तिथे भारतीय सैनिकांचं पूर्ण नाव बहुधा आडनावाच्या रकान्यात कोंबलेलं असतं. म्हणून पहिल्या नावाचा रकाना रिकामा ठेवा आणि आडनावाच्या रकान्यात आधी "मारुती", मग "जाधव" असं टाकून बघा. हात बसवायला माहितीतलं नाव घ्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मृत्यू १० जुलै १९४४, इटली. नोंदीत यशवंतचं स्पेलिंग वाय-ई-एस-एच असं सुरू होतं. वाय-ए-एस-एच टाकणाऱ्याला ते सापडत नाहीत.

नोंद उघडली की "अतिरिक्त माहिती" हा भाग वाचा. वडिलांचं, कधी पत्नीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा तिथे असतो. पेन्शन कुणाला गेली असेल याचा पहिला अंदाज इथेच येतो.

"जर्मनच्या लढाईत" याचा अर्थ जर्मनीत असा घेऊ नका. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमाराला शरणागती झाली तेव्हा वेढ्यात १०३, ११० आणि ११७ तिन्ही होत्या, आणि कैदेत बरेच मेले. त्यांची नोंद बसरा स्मारकाकडे आहे. पण त्या स्मारकाच्या दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचा फक्त पलटणवार आकडा आहे. भिंतीचे फोटो चाळत बसू नका, यादीतली नोंदच बघा.

युद्धातून परत आलेल्यांसाठी लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराची पहिल्या महायुद्धाची मेडल इंडेक्स कार्डं आहेत. हिंदी फौजेतल्या अनेकांची कार्डं त्यात आहेत, सगळ्यांची नाहीत. नावाने शोधायला पैसे पडत नाहीत, कार्डाची प्रतिमा हवी असेल तर पडतात. त्यामुळे आधी नंबर जुळतोय का बघा, मगच पैसे भरा.

जिल्हा कोणता? आजचा नव्हे

कागदावर "सातारा" आहे आणि घर तासगावात, म्हणून नोंद आपली नाही असं अनेकजण ठरवून टाकतात. तासगाव, वाळवा, खानापूर हे तेव्हा साताऱ्यातच होते. स्वातंत्र्यानंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. मालवण, देवगड, कुडाळ यांचा सिंधुदुर्ग १९८१ ला झाला, त्याआधी रत्नागिरी. रायगड हा कुलाबा होता. औंध, फलटण, जत, भोर, सावंतवाडी ही संस्थानं, तिथल्या माणसाच्या कागदावर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव असू शकतं. वाडीचा माणूस मूळ गावाच्या नावाने नोंदलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

हक्कदार कोण?

मृत शिपायाची पेन्शन वारसाला गेली, पण तो वारस बायकोच असेल असं नाही. आईच्या, वडिलांच्या किंवा मुलाच्या नावावरही पेन्शन असायची. विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन साधारणपणे थांबायची, मात्र दिराशी लग्न केलं तर चालू राहण्याची तरतूद होती. त्यामुळे "भलत्याच बाईचं नाव" दिसलं की आधी तीन शक्यता तपासा. ती आई असेल, पहिली बायको असेल, किंवा सासरी नाव बदलण्याआधीचं माहेरचं नाव असेल. घरात पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागला होता का, हे वडीलधाऱ्यांना आडवळणाने विचारावं लागतं. थेट विचारलं की "आमच्यात तसं काही नव्हतं" एवढंच उत्तर येतं.

हे नातं पक्कं करायला तहसील कचेरीत जा. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद (कोतवाल बुक म्हणून बरेचजण ओळखतात), आणि वारसाचे फेरफार. माणूस परदेशात मेला तर मृत्यूची नोंद गावात नसेलही, पण जमीन कुणाच्या नावे झाली त्याचा फेरफार पुढच्या काही वर्षांत पडलेला असतो. जुने फेरफार अनेक जिल्ह्यांत स्कॅन झालेत, आपले अभिलेख या संकेतस्थळावर आधी बघा, नाही मिळाले तर नकलेचा अर्ज. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या पालकाचा धंदा "लष्करी पेन्शनर" असा लिहिलेला सापडतो, ही नोंद सहसा कुणी बघत नाही.

रेकॉर्ड ऑफिस : काय मागायचं ते नीट मागा

आता कुठे पत्र लिहायची वेळ आली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौदलातल्या खलाशांसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधला ब्युरो ऑफ सेलर्स. कोकणातल्या कुटुंबांनी हा पत्ता लिहून ठेवावा, तिथले बरेच जण पलटणीत नव्हे तर नेव्हीत होते.

कळीचा मुद्दा असा. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची सेवेची कागदपत्रं, म्हणजे शीट रोल वगैरे, सुटल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. "कागद नष्ट केले" हे उत्तर म्हणून खोटं नसतं. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम ठेवायचं असतं. त्यात नंबर, नाव, भरतीची व सुटण्याची तारीख आणि सुटण्याचं कारण एवढं तरी मिळतं. लाँग रोल नाव घेऊन मागितल्याशिवाय कुणी तो उघडत नाही. पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत द्या, मजकूर साधारण असा :

"विषय : दिवंगत सैनिकाच्या सेवेची व पेन्शनची माहिती. नंबर, हुद्दा, नाव (पर्यायी स्पेलिंगसह), वडिलांचे नाव, गाव-तालुका-तेव्हाचा जिल्हा, पलटण (जुने व नवे नाव), भरतीचे अंदाजे साल. शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीची प्रत द्यावी. पेन्शन मंजूर झाली असल्यास पीपीओ नंबर व पेन्शनचा प्रकार कळवावा. अर्जदाराचे नाते : पणतू. सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र."

स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. अर्जाची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. त्यांच्या शिफारशीने गेलेलं पत्र पुष्कळदा लवकर हलतं. पीपीओ नंबर हाती असेल तर पेन्शनची बाजू प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन), म्हणजे फौजी पेन्शनींचा हिशेब पाहणाऱ्या कार्यालयाकडे विचारायची. नंबर नसताना तिथे लिहू नका, तिथे नुसत्या नावावर काही निघत नाही.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा ऑनलाइन. उत्तराची मुदत ३० दिवस, नंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "त्रयस्थाची खासगी माहिती" म्हणून नाकारलं तर अपिलात कलम ८(३) लिहा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती त्या कारणावरून अडवता येत नाही. प्रश्न मात्र "सगळी माहिती द्या" असा नको. "अमुक नंबरच्या लाँग रोल नोंदीची प्रत" इतका नेमका हवा.

अभिलेखागार

हे वेळखाऊ आहे, आणि नंबर-पलटण हाती नसताना जाण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या बघता येतं. तिथे माणसाच्या नावापेक्षा "फॅमिली पेन्शन", पलटणीचा जुना आकडा आणि साल टाकून शोधा, कारण शोध फाइलच्या शीर्षकांत चालतो. १८९५ आधीचा माणूस असेल तर तो मुंबई इलाख्याच्या फौजेतला, मग मुंबईच्या पुराभिलेख विभागातले लष्करी खात्याचे खंड. दापोली ही त्या काळच्या पेन्शनरांची मोठी वस्ती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच राहिले होते, आणि हवालदार गोपाळबाबा वलंगकरही तिथलेच पेन्शनर. १८९२ नंतर महारांची भरती बंद झाल्यावर तिथल्या पेन्शनरांनी सरकारकडे अर्ज केले. असे सामूहिक अर्जही शोधायचे असतात, वैयक्तिक फाइल नसली तरी त्यांवर नावं असू शकतात.

कुठे थांबायचं

फेरफार किंवा दाखला मोडीत असेल तर मोबाइलमधल्या अॅपवर किंवा ओळखीच्या हौशी माणसावर विसंबून राहू नका. मोडीत "रामा" आणि "शामा" यांत गफलत व्हायला फारसं लागत नाही. जाणकार मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, आणि कागद कचेरीत दाखवायचा असेल तर ते प्रमाणित लागेल का हे आधी विचारा. चिकटलेले, वाळवी लागलेले कागद घरी सोडवू नका, ते संवर्धकाचं काम आहे.

शोध इतिहासापुरता असेल तर वरचं सगळं स्वतः करता येतं. पण त्यातून थकलेली पेन्शन, एखाद्या हयात विधवेचा किंवा अपंग मुलाचा हक्क निघाला, तर तिथे हात थांबवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि दावा नाकारला गेला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये काम करणारा वकील गाठा. थकबाकी किती वर्षांची मिळेल हे अर्ज कधी केला यावर ठरू शकतं, म्हणून "आधी वंशावळ पूर्ण करू, मग बघू" असं करू नका. टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्या दलालाला मूळ पीपीओ देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि "स्पर्श" या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेच्या नावाने फोन करून ओटीपी मागणाऱ्याला काहीच देऊ नका.